मुसिया आणि त्रोवसच्या मधली वाट

ऐरोलीच्या एका बंधूंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. ते नोकरी सांभाळून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळा (मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग) आणि तरुण संघ पाहतात. दोन वर्षांपूर्वी उपासाच्या प्रार्थनेत त्यांना यशया ५४ मधले ‘डेऱ्याची जागा वाढव’ हे वचन मिळाले आणि उलव्यात मराठी उपासना सुरू करण्याचे ओझे मनावर आले. चार कुटुंबे तयार झाली, हॉल ठरला, अनामत दिली. मग हॉलच्या मालकाने शब्द फिरवला. दोन कुटुंबे बदली होऊन पुण्याला गेली. आणि त्याच आठवड्यात पाळकांनी त्यांना सांगितले की कळवा-विटाव्यातल्या, घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्ध सभासदांच्या भेटी आता तुम्ही घ्या. ते विचारतात : ‘मी चुकीचे ऐकले का? की हा सैतानाचा अडथळा आहे? ज्यासाठी मी कधी प्रार्थनाच केली नाही ते काम देवाचे मार्गदर्शन कसे मानू? आणि बायको म्हणते, बरे झाले थांबले ते. तिच्या त्या बोलण्याने मी जास्तच खचलो.’

बंधू, गेली एकतीस वर्षे मी ठाणे आणि नवी मुंबईत पाळकाचे काम करतो आहे. तुमच्या लिहिण्यातले शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्याकडे येईनच, पण आधी मला नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायाशी थोडे थांबायचे आहे.

प्रेषित पौलाला रात्री झालेले मासेदोनियाच्या माणसाचे दर्शन आपल्या मंडळ्यांत फार सांगितले जाते. ‘इकडे येऊन आम्हांला साहाय्य कर’ हे शब्द लहान मुलांनाही पाठ असतात. पण ते दर्शन नवव्या वचनात आहे. त्याआधीची तीन वचने आपण भरभर वाचून पुढे जातो, आणि मला वाटते तुम्ही आज नेमके त्या तीन वचनांत उभे आहात. सहाव्या वचनात पवित्र आत्मा पौलाला आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागात) वचन सांगायला मनाई करतो. सातव्यात ते मुसियापर्यंत येतात, उत्तरेला बिथुनियात जायचा प्रयत्न करतात, आणि येशूचा आत्मा त्यांना जाऊ देत नाही. आठव्यात ते मुसिया ओलांडून समुद्रकाठच्या त्रोवसला उतरतात. बस्स. वाचायला अर्धा मिनिट लागत नाही. चालायला किती लागले असेल? शेकडो मैलांचा तो मुलूख आहे. इतक्या वाटेवर त्यांच्याजवळ काय होते? दोन नकार, आणि एकही होकार नाही.

आत्म्याने कसे अडवले हे या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही. आजारपण आले, रस्ता बंद होता, की पौलाचा साथीदार सीला संदेष्टा होता म्हणून त्याच्या तोंडून शब्द आला, काहीच कळत नाही. कारणही दिलेले नाही. आणि पौल काही वाईट करायला निघाला नव्हता, सुवार्ता सांगायलाच निघाला होता. चांगल्या कामालाही देव ‘नाही’ म्हणू शकतो, हे ऐकायला आपण तयार नसतो. आपले गणित असे असते की काम प्रभूचे, हेतू शुद्ध, प्रार्थना केलेली, मग दार उघडलेच पाहिजे. नाही उघडले तर एक तर मी चुकलो, नाही तर सैतान आडवा आला. तुमच्या प्रश्नात हे दोनच पर्याय आहेत. तिसरा आहे. तुम्ही खरेच ऐकले असेल, तुमचे मन खरेच शुद्ध असेल, आणि तरीही प्रभूच म्हणत असेल : इथे नाही, किंवा आत्ता नाही.

सैतान अडथळा आणत नाही असे मी म्हणत नाही. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौलच म्हणतो की तुमच्याकडे यायची आमची इच्छा होती, पण सैतानाने आम्हांला अडवले. तोच माणूस एका बंद वाटेबद्दल ‘सैतान’ म्हणतो आणि दुसरीबद्दल ‘येशूचा आत्मा’. फरक लगेच कळतो असे मला माझ्या अनुभवावरून म्हणता येत नाही. हॉलच्या मालकाचा फोन आला त्या रात्रीच त्याचा अर्थ लावायचा नसतो. पौलाने बिथुनियाच्या सीमेवर बसून अर्थ लावला नाही, अंत्युखियाला परतही गेला नाही. जी दिशा उरली होती त्या दिशेने तो चालत राहिला.

आणि मग दर्शन झाल्यावर काय झाले तेही पाहा. दर्शन एकट्या पौलाला झाले, पण दहाव्या वचनात निर्णय ‘आम्ही’ घेतो. तिथपर्यंत लूक ‘ते गेले, त्यांनी केले’ असे लिहीत होता. तिथे पहिल्यांदा ‘आम्ही’ येते. देवाने आपल्याला बोलावले आहे असे त्यांनी मिळून अनुमान केले. तिथल्या मूळ ग्रीक शब्दात वेगवेगळे तुकडे एकत्र जुळवून पाहण्याचा अर्थ आहे. प्रेषिताला दर्शन झालेले असतानाही पौल, सीला, तीमथ्य आणि लूक बसले, आशियाचा नकार, बिथुनियाचा नकार आणि रात्रीचे दर्शन समोर ठेवले, आणि जुळते का ते पाहिले. पौलाला हे गरजेचे वाटले, तर तुम्हाला आणि मला किती?

पुढे मासेदोनियातल्या फिलिप्पैत गेल्यावर तो मासेदोनियाचा माणूस काही भेटला नाही. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका भेटल्या. त्यांतली लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, मूळची थुवतीरा गावची. थुवतीरा कुठे आहे? ज्या आशिया प्रांतात बोलायला मनाई झाली होती तिथेच. मासेदोनियातल्या कामाचे पहिले घर आशियातल्या बाईचे निघाले. त्यानंतर फटके आणि तुरुंग. आणि आशियाचे दार कायमचे बंद नव्हते. १९ व्या अध्यायात पौल आशियातल्या इफिसला येतो, तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज बोलतो, आणि लूक लिहितो की आशियात राहणाऱ्या सर्वांनी प्रभूचे वचन ऐकले. पण मुसियाच्या वाटेवर असताना हे पौलाला माहीत नव्हते. तुम्हालाही उलव्याचे पुढे काय होणार ते माहीत नाही, आणि मला माहीत असल्याचे मी दाखवणार नाही.

इथे मला ठाण्याचीच एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण अनपेक्षित वाटेवर नेणारा देव शेवटी सगळे गोड करून दाखवतो अशी समजूत तुमच्या मनात राहू नये. १३२१ साली कॅथलिकांच्या फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू जहाजाने केरळातल्या कोल्लमकडे निघाले होते. त्यांतले थॉमस हे इटलीतल्या तोलेंतिनोचे. जहाज त्यांना नको होते त्या बंदराला, ठाण्याला घेऊन आले. इथे राहणाऱ्या पूर्वेकडच्या जुन्या परंपरेतल्या ख्रिस्ती घरांनी त्यांना आसरा दिला. काही दिवसांतच त्या वेळच्या इथल्या सत्तेने चौघांनाही ठार केले. त्यांच्याबरोबर आलेले जॉर्डानस नावाचे डोमिनिकन या दुसऱ्या संघाचे धर्मबंधू त्या दिवशी बाहेरगावी होते म्हणून वाचले. त्यांनी साथीदारांना सोपाऱ्याला पुरले, आणि १३२९ मध्ये ते कोल्लमचे बिशप नेमले गेले. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, पण ठाण्यातल्या तलावपाळीवरून जाताना ही चार माणसे मला आठवतात. कोल्लमला निघाली होती, ठाण्याला संपली. त्यांच्या मरणाला मी अर्थ चिकटवणार नाही. इतकेच म्हणतो की देवावर विश्वास ठेवणे म्हणजे शेवट चांगला होईल याची हमी घेऊन चालणे, असे असते तर या चौघांना आपण फसलेले म्हटले असते. आपण तसे म्हणत नाही.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. ती तुम्हाला ठाऊक असेल, पण तिच्यातला एक तपशील सहसा निसटतो. केडगावची जमीन रमाबाईंनी मुक्ती मिशनसाठी घेतली नव्हती. पुण्यातल्या शारदा सदनाला, त्यांच्या विधवांसाठीच्या संस्थेला, उत्पन्न व्हावे म्हणून तिथे फळबाग करायची होती. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या बाईचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते, तिला स्वस्थ बसवेना. ती मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आली. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या मुलींना शहरात ठेवायला सरकारी नियमांची आडकाठी. मग त्या सगळ्या गेल्या केडगावच्या बागेत. बाग उत्पन्नासाठी होती, ती माणसांसाठी लागली. जमीन घेताना कोणी रमाबाईंना विचारले असते की ही कशासाठी, तर त्यांनी फळझाडांचाच हिशेब सांगितला असता, आणि तो खोटा नसता.

तुमच्याकडे दोन वर्षांची तयारी आहे. पदांच्या वह्या, घरोघर बसून केलेल्या प्रार्थना, उलव्यातल्या सोसायट्या पायी फिरून माणसे ओळखणे. ती वाया गेली असे आजच ठरवू नका. आणि ती अमुक कामासाठीच होती असेही ठरवू नका.

आता ज्या खुणा आपल्या मंडळ्यांत मार्गदर्शनाचा पुरावा म्हणून चालतात त्यांच्याबद्दल थोडे. ‘दार उघडले’ म्हणतात. योना देवापासून पळाला तेव्हा याफोच्या बंदरात तार्शीशला जाणारे जहाज तयार उभे होते, आणि भाड्याचे पैसेही त्याच्याजवळ होते. ‘मनात शांती आहे’ म्हणतात. तोच योना वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता, आणि गेथशेमानेत पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध असलेल्या प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. रात्री लोकर बाहेर ठेवून देवाकडे खूण मागणाऱ्या गिदोनाचे उदाहरण तर दर वर्षी कोणीतरी माझ्यापुढे ठेवतोच. पण गिदोनाला काय करायचे ते आधीच स्पष्ट सांगितलेले होते. त्याने लोकर घातली ती भीतीपोटी, आणि देवाने त्याच्या भीतीला धीर धरून घेतले.

सगळ्यात विचार करायला लावणारी जागा मात्र करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि गाव पुन्हा तेच, त्रोवस. पौल लिहितो की तिथे प्रभूमध्ये माझ्यासाठी दार उघडले होते, पण माझा भाऊ तीत तिथे सापडला नाही म्हणून माझ्या मनाला चैन पडेना, आणि मी त्यांचा निरोप घेऊन मासेदोनियात गेलो. उघडे दार, तेही प्रभूने उघडलेले, आणि एका भावाच्या काळजीने प्रेषित ते सोडून जातो. त्यावर त्याला कोणी रागावत नाही. पुढच्याच वचनात तो देवाची स्तुती करतो. सेवाकार्याचे दार आणि समोरचे माणूस यांत माणसाकडे वळलेल्या पावलाला देव चूक म्हणत नाही, असे मी त्यातून घेतो. मला हे कळायला फार वर्षे लागली.

ती का लागली ते सांगतो. सेवेत सहा-सात वर्षे झाली होती. आमची मंडळी एका शाळेचा वर्ग भाड्याने घेऊन उपासना करायची. दर रविवारी बाके सरकवा, पेटी-तबला आणा, दुपारी सगळे परत आवरा. मी प्रार्थनेत होतो आणि मला वाटले की प्रभू आम्हाला स्वतःची जागा देतो आहे. घणसोलीच्या बाजूला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत एक गाळा दाखवला गेला. किंमत आवाक्यातली. मी पुलपिटवरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) म्हणालो, ‘प्रभूने मला सांगितले आहे, ही जागा आपली आहे.’ पंचायतीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत बँकेतून निवृत्त झालेले एक वडील (मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ) होते. कमी बोलणारे. त्यांनी एवढेच विचारले, ‘पाळकसाहेब, कागद पाहिलेत का?’ मी त्यांना उत्तर दिले ते आजही माझ्या कानात आहे. मी म्हणालो, ‘बाबा, पेत्र पाण्यावर चालायला होडीतून उतरला तेव्हा त्याने कागद पाहिले होते का?’ लोक हसले. बाबा गप्प बसले. त्यानंतर कोणी काही विचारले नाही. कसे विचारणार? पाळकांशी देव बोललेला.

पैसे जमले. एका विधवा बहिणीने मुदत ठेव मोडली. सात-आठ महिन्यांत बांधकाम थांबले, कागद मोकळे नव्हते हे कळले, आणि पैसे तुकड्यातुकड्याने परत मिळायला सहा वर्षे लागली. सगळे मिळालेच नाहीत. त्या बहिणीचे पैसे आम्ही मंडळी म्हणून आधी भरले, त्यासाठी माझ्या पगाराचा काही भाग मी दर महिन्याला दिला, पण तिच्या मुलीचे लग्न त्या वर्षी पुढे ढकलावे लागले ते मी परत देऊ शकत नव्हतो.

मी बाबांच्या घरी गेलो, क्षमा मागितली. मग पुलपिटवरूनही मागितली. बाबांनी मला चहा दिला आणि म्हणाले, ‘तुम्हाला अडवायचे नव्हते, तुमच्याबरोबर यायचे होते.’ त्या रात्री मला समजले की देवाचे अनपेक्षित मार्गदर्शन त्या बैठकीत आले होते. ते माझ्या प्रार्थनेतल्या उबेत आले नव्हते. ‘कागद पाहिलेत का’ या तीन शब्दांत आले होते, एका वृद्ध माणसाच्या तोंडून, आणि मी शास्त्रवचन वापरून त्याला गप्प केले होते.

दावीदाला मंदिर बांधायचे होते तेव्हा नाथान संदेष्टा पटकन म्हणाला, जे मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने नाथानाला उलट सांगितले. नाथानाने परत जाऊन राजासमोर आपला शब्द मागे घेतला. खरा संदेष्टा घाईत चुकीचे बोलू शकतो, आणि खरा संदेष्टा ते मागे घेतो. मग दावीदाने काय केले? तो देवापुढे जाऊन बसला, आणि पुढे शलमोनासाठी सोने, लोखंड, पितळ, गंधसरूची लाकडे जमवत राहिला. जे मंदिर आपल्या हातून होणार नाही त्याचे सामान.

‘देवाने मला सांगितले’ हे वाक्य मी आता पुलपिटवरून वापरत नाही. ‘मला असे वाटते आहे, तुम्ही माझ्याबरोबर पारखून पाहा’ असे म्हणतो. देव बोलत नाही असे मला वाटू लागले आहे असे मुळीच नाही. बोलतो, म्हणून तर इतरांचे कान लागतात.

त्यानंतर काही काळ आमच्याकडे ना गाळा होता, ना शाळेचा वर्ग. घराघरात जमायचो. तुर्भ्यात एका कुटुंबाने आपली खोली दिली. तिथे जायला लागल्यावर कळले की आमच्या यादीत ‘अनियमित’ अशी खूण केलेली सात-आठ माणसे त्याच वस्तीत राहतात. जालना आणि अहमदनगरकडची, गावाकडे मंडळीत वाढलेली. इथे भाजी मार्केटात हमाली, टेम्पोवर कामे. मार्केटात रात्री गाड्या लागतात, पहाटे सौदे होतात. हे लोक सकाळी नऊला घरी येऊन झोपणार, आणि आमची उपासना साडेनऊला. वर्षानुवर्षे मी त्यांना थंड विश्वासाचे समजत होतो. ते नुसते थकलेले होते. आम्ही उपासना रविवारी संध्याकाळी घेतली. पहिल्या रविवारी एक जण पेटी घेऊन आला. मला माहीतच नव्हते की त्याला वाजवता येते. गावाकडच्या जुन्या चालीवर त्याने पद धरले, आणि त्याची बायको रडायला लागली, कारण ठाण्याला आल्यापासून त्याने पेटीला हात लावला नव्हता.

इथे तुम्हाला सांभाळून ऐकायची विनंती आहे. तुर्भ्यातल्या मंडळीसाठी देवाने आमचे पैसे बुडवले असे मी म्हणत नाही, आणि कोणी म्हटले तर त्याला थांबवतो. माझी चूक माझी होती. त्या बहिणीचे नुकसान नुकसानच होते. देव चुकीतूनही वाट काढतो हे खरे, पण त्याने चूक योग्य ठरत नाही. विश्वासी माणसे ‘सगळे भल्यासाठीच झाले’ असे दुसऱ्याच्या जखमेवर फार लवकर बोलतात.

आता कळव्याबद्दल. पाळकांनी सांगितले म्हणून ती देवाचीच वाणी, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः पाळक आहे. कधी कधी आम्ही रिकामी जागा भरायला जो मोकळा दिसेल त्याला काम देतो. पण विधवांचा आणि अनाथांचा त्यांच्या संकटात समाचार घ्यायला वेगळे दर्शन लागत नाही. याकोबाने आपल्या पत्रात ते आधीच लिहून ठेवले आहे. उलव्याला जायला तुम्हाला देवाचा विशेष शब्द लागेल. विटाव्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात आयुष्य घालवून आता गुडघ्यांमुळे चार वर्षे उपासनेला न आलेल्या माणसाकडे जायला लागणार नाही. हे काम लहान आहे असे तुमच्या लिहिण्यातून थोडे जाणवले, म्हणून सांगतो. मला आजवर सगळ्यात नेमके नाव घेऊन, सगळ्यात चिकाटीने प्रार्थना करणारी माणसे अशाच खोल्यांत भेटली. एक आजी माझ्या मुलांच्या परीक्षांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवायच्या. मला त्या तारखा माहीत नसायच्या.

जाताना एक करा. तिथे उलव्याचा दुवा शोधू नका. या आजोबांचा मुलगा उलव्यात असेल, त्याच्यामार्फत दार उघडेल, असा हिशेब मनात असला तर आजोबांना तो पहिल्या भेटीतच कळेल. वृद्धांना फार लवकर कळते की समोरचा आपल्यासाठी आला आहे की आपल्यातून पुढे कुठे जायला. लुदिया थुवतीराची आहे हे पौलाला तिच्याशी बोलायला बसल्यावर कळले असेल. तो थुवतीराचे माणूस शोधत नदीवर गेला नव्हता.

तुमच्या वचनाबद्दलही बोलले पाहिजे. यशया ५४ मला प्रिय आहे, आणि नवे काम काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सेवकाला हे वचन मिळालेले मी पाहिले आहे. ते खोटे मिळाले असे नाही. पण अध्याय पहिल्यापासून वाचा. तिथे देव वंध्या, टाकलेल्या, दुःखी स्त्रीशी बोलतो आहे, उद्ध्वस्त यरुशलेमशी. भिऊ नकोस, तू लज्जित होणार नाहीस, असे तिला सांगतो आहे. ते आधी सांत्वन आहे, मग विस्तार. तुम्हाला दोन वर्षांपूर्वी त्यातला विस्तार ऐकू आला. आज तोच अध्याय पुन्हा वाचाल तर कदाचित सांत्वन ऐकू येईल. आणि जिला लज्जित होण्याची भीती आहे अशा कोणासाठी, कदाचित तुमच्या घरातच, तो वाचावासा वाटेल.

आता तुमच्या पत्नीबद्दल. कवी ना. वा. टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने नवा करार दिला, हे आपण कौतुकाने सांगतो. अनपेक्षित मार्गदर्शनाचे मराठीतले याहून मोठे उदाहरण माझ्याजवळ नाही. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्याच घटनेची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवली आहे. नवऱ्याला प्रकाश मिळाला तो दिवस त्यांच्यासाठी संसार उद्ध्वस्त झाल्याचा होता. त्या काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे परत आल्या, तरी बाप्तिस्मा १९०० साली घेतला, स्वतःच्या पावलांनी, स्वतःला पटल्यावर. टिळकांचा देव त्यांचाही झाला, पण टिळकांच्या वेळापत्रकाने नाही. एकाला मिळालेले मार्गदर्शन दुसऱ्याच्या अंगावर कसे येते हे समजायला मी प्रत्येक तरुण सेवकाला त्या आठवणी वाचायला सांगतो.

तुमची पत्नी म्हणाली, बरे झाले थांबले. तुम्ही ते अविश्वासाचे बोलणे मानले, आणि खचलात. मी पंचायतीतल्या त्या बाबांचे बोलणेही तसेच मानले होते. मला तिची ओळख नाही, म्हणून तिच्या मनात काय आहे ते मी सांगू शकत नाही. ती थकली असेल. दोन वर्षांत किती शनिवार-रविवार घरात तुमच्याविना गेले हे तिला माहीत असेल. कदाचित तिने उलव्यात असे काही पाहिले असेल जे तुम्ही पाहिले नाही. किंवा ती चुकतही असेल. पण तुम्ही तिला विचारले का, की तुला बरे का वाटले? तुमच्या लिहिण्यात तिचे ते एकच वाक्य आहे. त्याच्या पुढचे वाक्य तुम्ही ऐकलेले दिसत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर उलव्याची वही बंद करून कपाटात ठेवली असती, फाडली नसती. ज्या दोन कुटुंबांनी साथ सोडलेली नाही त्यांना स्पष्ट सांगितले असते की आपण थांबलो आहोत, म्हणजे ती लटकत राहणार नाहीत. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टरपर्यंत) दर गुरुवारी कळवा-विटाव्याला गेलो असतो, ऑफिस सुटल्यावर, एका संध्याकाळी दोनच घरे, घाई न करता. आणि सण झाल्यावर पाळक, पंचायतीतला एखादा असा वडील जो तुम्हाला नेहमी अवघड प्रश्न विचारतो, आणि तुमची पत्नी, असे चौघे एका घरी बसलो असतो. आशियाचा नकार, बिथुनियाचा नकार, कळव्याची घरे, सगळे मध्ये ठेवून. प्रार्थना करा, वचन वाचा, आणि मग बोलायला लागाल तेव्हा तिला आधी बोलू द्या.